हँडलचं कॉईल वायंडिंग मशीन: छोटे ट्रान्सफॉर्मर भरणाऱ्यांनी घ्यावं का?

बिडाची बॉडी, एका बाजूला हँडल, आत दोन दातेरी चाकं, पुढे आटे पाडलेला स्पिंडल, त्यावर दोन कोन (शंकूच्या आकाराचे तुकडे), दोन नट आणि वेढे मोजणारा एक काउंटर. हँडल मारून चालवायचं हे मशीन दीड ते अडीच हजारांच्या दरम्यान मिळतं आणि बहुतेकांवर कंपनीचं नावही नसतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात दुरुस्तीचं काम करणाऱ्यांकडे छोटे ट्रान्सफॉर्मर येतच असतात. गणपतीच्या तोंडावर साऊंडवाल्यांचे अँप्लिफायर येतात, उन्हाळ्यात फ्रिजचे स्टॅबिलायझर, वडगाव-शहापूरकडून मागाच्या पॅनेलमधले कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, शिवाय बॅटरीचे चार्जर. यातले शंभर-दीडशे व्हीएपर्यंतचे (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर) ट्रान्सफॉर्मर भरायला, म्हणजे त्यांची तार नव्याने गुंडाळायला, हे मशीन पुरतं. पण ते जसं मिळतं तसं बाकावर ठेवून लगेच कामाला लागलात, तर पहिलीच कॉईल वाया जाईल. त्याला काय काय जोडावं लागतं आणि त्याच्याकडून कशाची अपेक्षा करू नये, ते इथे सविस्तर लिहितो.

या मशीनमध्ये पैसे मोजायचे ते काउंटरचे. स्पिंडल फिरवायला ड्रिल मशीनही चालतं, पण अकराशे वेढे तोंडाने मोजत बसणं कुणालाच जमत नाही. मध्येच एक फोन आला की आकडा गेला. म्हणून विकत घेताना आधी काउंटर बघा. तो दोन प्रकारे चालतो: दातेरी चाकाने किंवा रबरी पट्ट्याने. चाकाचा घ्या. पट्ट्याच्या काउंटरवर तेलाचा एक थेंब उडाला की पट्टा घसरतो, काउंटर कमी दाखवतो आणि बॉबिनवर (तार गुंडाळायच्या पोकळ साच्यावर) वेढे जास्त बसतात. प्रायमरीत (सप्लाय देतात त्या कॉईलमध्ये) ११५० च्या जागी ११८५ बसले, तर सेकंडरीला (व्होल्टेज मिळतं त्या कॉईलला) १२.८ व्होल्ट यायचे तिथे १२.४ येतात आणि चूक कुठे झाली ते शेवटपर्यंत कळत नाही. तपासणी दुकानातच करता येते. स्पिंडलच्या नटावर खडूची रेघ मारा, काउंटर शून्यावर आणा, रेघ बघत स्पिंडलचे शंभर फेरे सावकाश पुरे करा. मग पुन्हा शंभर, या वेळी जरा जोरात. दोन्ही वेळी बरोबर शंभर आले पाहिजेत. नंतर दहा फेरे उलटे फिरवा. चांगला काउंटर दहा वजा करतो. वजा न करणाराही चालतो, पण ते माहीत असायला हवं, कारण वेढा चुकला की उलटं फिरवावंच लागतं.

हँडलच्या एका फेऱ्याला स्पिंडल किती फिरतो तेही मोजून ठेवा. साधारण आठच्या आसपासचं प्रमाण असतं. बारीक तारेला ते छान, पण २० गेजची जाड तार (गेजचा आकडा लहान तेवढी तार जाड) आठपट वेगाने गुंडाळायला गेलात तर कोपऱ्यावर फुगते आणि हात दुखतो तो वेगळाच. ज्या मशीनमध्ये हँडल काढून थेट स्पिंडलवर लावता येतं, तेच घ्यावं. दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

आता उणिवा. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम बघितलेल्या माणसाला बॉडी हातात घेतल्याबरोबर कळेल की फिनिशिंग कच्चं आहे. पायाची चारही भोकं एका पातळीत नसतात, मशीन डुगडुगतं. अठरा मिमी जाडीच्या प्लायवर बोल्टने आवळून, ज्या पायाखाली फट आहे तिथे वॉशर घालून बसवलं की प्रश्न संपतो. बुशला आठवड्यातून एकदा शिलाई मशीनचं तेल पुरे. दातेरी चाकांत किंचित खेळ असतो. त्याने आवाज होतो, मोजणीत फरक पडत नाही.

खरी उणीव कोनांची आहे. ते गोल भोकासाठी आहेत आणि ट्रान्सफॉर्मरच्या बॉबिनचं भोक चौकोनी असतं. नुसत्या कोनांत धरलेलं बॉबिन लचकत फिरतं आणि तार एका बाजूला साचते. त्यासाठी लाकडी गुटका करून घ्यावाच लागतो. सागवानाचा किंवा कुठल्याही कठीण लाकडाचा, बॉबिनच्या भोकात घट्ट पण न ठोकता जाईल असा, मधोमध स्पिंडलच्या मापाचं आरपार भोक. गुटक्याची लांबी बॉबिनच्या लांबीपेक्षा अर्धा मिमी कमी ठेवा, म्हणजे नट आवळल्यावर दाब बॉबिनवर येतो. दोन्ही बाजूंना सहा मिमी प्लायच्या किंवा बेकेलाइटच्या फळ्या लावा. या फळ्या विसरल्या तर काय होतं ते सांगायलाच हवं, कारण ही चूक सगळ्यांत जास्त होते. थरावर थर चढतात तसा तारेचा दाब बॉबिनच्या कडांवर येतो आणि कडा बाहेर फाकतात. कॉईल दिसायला सुंदर होते, पण नंतर लोखंडाच्या ई आणि आय आकाराच्या पट्ट्या आत जात नाहीत. मग हातोडीने ठोकून बसवल्या की कडेची तार सोलते आणि बॉडीला शॉर्ट होतो.

मशीनबरोबर रिळाचा स्टँड मिळत नाही. रीळ मशीनपासून मीटर-सव्वा मीटर मागे, आडव्या दांड्यावर ठेवा. त्याच्या कडेला नमद्याचा किंवा जुन्या ब्लँकेटचा तुकडा दाबून ब्रेक करा.

हे मशीन काय देऊ शकतं ते एका नेहमीच्या कामावरून बघू. १२-०-१२ व्होल्ट (मध्ये शून्याचा टॅप, दोन्हीकडे बारा), दीड अँपिअर, म्हणजे ३६ व्हीए. पट्टी मधल्या जिभेला एक इंच, म्हणजे २५.४ मिमी रुंद, आणि थप्पी दीड इंच, म्हणजे ३८ मिमी. गुणाकार ९.७ चौरस सेमी येतो. पट्ट्यांवरच्या वार्निशची आणि मधल्या फटींची जागा वजा केली की लोखंड उरतं ९ चौरस सेमी. ५० हर्ट्झला एक टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे लोखंडातल्या चुंबकत्वाच्या दाटीचं माप) हिशेबाने ४५ भागिले क्षेत्रफळ, म्हणजे व्होल्टला ५ वेढे. प्रायमरी २३० × ५ = ११५०. सेकंडरीच्या प्रत्येक अर्ध्या भागाला ६० येतात, पण लोड दिल्यावर तारेत व्होल्टेज पडतं, त्यासाठी सात टक्के वाढवून ६४ घ्या. बिनलोडला १२.८ दिसतील, पूर्ण लोडवर बाराच्या जवळ येतील.

तारेसाठी चौरस मिमीला अडीच अँपिअर धरावेत. प्रायमरीतून ०.१८ अँपिअर जातो, त्याला ३० गेज, ०.३१५ मिमी. सेकंडरीला २० गेज, ०.९१४ मिमी. प्रायमरीला साधारण सव्वाशे ग्रॅम तार लागते आणि सेकंडरीला एकशे चाळीस, म्हणून दीडशे आणि पावणेदोनशे ग्रॅम आणलेली बरी. आपल्याकडे दुकानात कानडीत बोला की मराठीत, गेजचा आकडा तोच. फक्त वजन करताना रिकाम्या रिळाचं वजन वेगळं करून घ्या.

याच पट्टीतून दोन अँपिअर काढायचा मोह बहुतेकांना होतो, कारण क्षेत्रफळाच्या वर्गाचा ढोबळ नियम तेवढी ताकद दाखवतो. पण खिडकी (पट्टीतली कॉईल बसायची मोकळी जागा) फक्त १२.७ बाय ३८ मिमी आहे. हाताने भरताना तिचा पस्तीस टक्के भागच तांब्याने भरतो, बाकी जागा इनॅमल, कागद, बॉबिनची भिंत आणि तारांमधल्या पोकळ्या खातात. ३० गेजचे थराला ९० वेढे बसतात, म्हणजे तेरा थर आणि कागदासकट साडेपाच मिमी. मध्ये इन्सुलेशन ०.४, वर २० गेजचे चार थर म्हणजे चार मिमी. बेरीज दहाच्या जवळ जाते आणि जागा आहे साडेअकरा. हाताच्या कामात कॉईल थोडी फुगतेच, तेव्हा उरलेला मिमी-दीड मिमी त्यातच जातो. जाड तार घेतली असती तर शेवटचे पंचवीस वेढे बाहेर राहिले असते. म्हणून मशीनला हात लावण्याआधी हा खिडकीचा हिशेब कागदावर करा.

आता प्रत्यक्ष भरणं. तारेचं सुरुवातीचं टोक ब्लेडने खरवडून १४/३६ च्या (३६ गेजच्या चौदा तारांच्या) लवचीक वायरला सोल्डरचा डाग द्या, वर स्लीव्ह चढवा आणि हा जोड बॉबिनच्या अशा बाजूला ठेवा जी पट्ट्यांच्या बाहेर राहते. जोड खिडकीच्या आत आला तर तिथे कॉईल उंच होते. एक वेढा कॉटन टेपने बांधून घ्या, काउंटर शून्यावर आणा आणि सुरू करा.

उजवा हात हँडलवर, डावा तारेवर. तार अंगठा आणि तर्जनीमध्ये नमद्याच्या तुकड्यातून जाते. बॉबिन चौकोनी असल्यामुळे ओढ सारखी राहत नाही: कोपरा आला की तार झटकन ओढली जाते, सपाट बाजू आली की सैल पडते. एका फेऱ्यात बोटांना चार हलके झटके लागतात. हे झटके एका लयीत लागत असतील तर थर नीट बसतोय. एखादा झटका चुकला, की तार मागच्या वेढ्यावर चढली किंवा एक जागा सोडून गेली समजा. लगेच थांबा, दोन फेरे उलटे घ्या. तार किंचित मागे कललेली धरायची, म्हणजे नवा वेढा आधीच्या वेढ्याला आपोआप चिकटतो. पुढे कललेली धरली की फटी पडतात. ३० गेजची तार साधारण पावणेदोन किलोच्या ओढीला तुटते, पण त्याच्या कितीतरी आधी ताणली जाऊन बारीक होते, म्हणून ओढ चारशे ग्रॅमच्या आत ठेवा. वजन मोजायच्या काट्याला तार बांधून एकदा ती ओढ हाताला ओळखीची करून घेतली, तर पुढे काटा लागत नाही.

प्रत्येक थराला दोन्ही टोकांना मिमी-दीड मिमी मोकळं सोडा आणि वर ०.०५ मिमीचा मिलिनेक्स (पॉलिएस्टरचा पातळ इन्सुलेशन कागद) द्या, तो बॉबिनपेक्षा दोन मिमी रुंद कापून कडेला किंचित वर वळवलेला. कारण साधं आहे. एका थरात १८ व्होल्ट असतात, म्हणजे लागून असलेल्या दोन थरांच्या उघड्या टोकांत ३६. तेवढं इनॅमल सहज सोसतं. पण कडेचा वेढा घसरून चार-पाच थर खाली गेला की तिथे ऐंशी-नव्वद व्होल्ट समोरासमोर येतात, आणि ओरखडा पडलेल्या इनॅमलला ते झेपत नाहीत. भरलेले ट्रान्सफॉर्मर सहा महिन्यांनी जळतात ते बहुतेक इथूनच. मशीनला तार सरकवणारा गाईड नाही, तेव्हा ही कड पूर्णपणे तुमच्या बोटांवर आहे.

प्रायमरी संपली की ०.१२५ मिमीच्या मिलिनेक्सचे तीन वेढे. इथे कंजुषी करू नका, हा कागद २३० व्होल्ट आणि माणूस यांच्यामध्ये आहे. सेकंडरीसाठी २० गेजच्या दोन तारा एकदम हातात घेऊन ६४ वेढे घ्या. दोन्ही भाग सारखे होतात आणि मधल्या टॅपची काळजी राहत नाही. वेगवेगळे भरून एकात ६३ आणि दुसऱ्यात ६५ झाले, तर रेक्टिफायरनंतर अँप्लिफायरमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण राहते आणि दोष उगाच कपॅसिटरला दिला जातो. एका तारेचं शेवटचं टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडायचं, तो शून्य. चुकून दोन्ही सुरुवाती जोडल्या तर बाहेरच्या दोन टोकांत काहीच व्होल्टेज येत नाही, ते मीटरवर लगेच दिसतं. इथे हँडल थेट स्पिंडलवर लावा आणि आकडा काउंटरबरोबर तोंडानेही मोजा.

पट्ट्या घालताना एक ई या बाजूने, एक त्या बाजूने, आय पट्ट्या उरलेल्या फटीत. काढल्या तेवढ्या सगळ्या परत गेल्या पाहिजेत. दोन-तीन उरल्या तर लोखंड कमी होतं, आणि सैल बसलेल्या पट्ट्या गुणगुणतात. जुन्या पट्ट्या वार्निशने चिकटलेल्या असतील तर थिनरमध्ये रात्रभर ठेवा. जाळात टाकून सोडवू नका, त्यांच्यावरचं इन्सुलेशन जळतं आणि तोच ट्रान्सफॉर्मर बिनलोडला गरम व्हायला लागतो.

जुनी कॉईल उलगडताना तीच मशीनवर चढवून उलटी फिरवा, काउंटर मूळ वेढे सांगेल. मात्र तो आकडा डोळे झाकून उतरवू नका. स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तांबं वाचवायला वेढे कमी ठेवतात. याच लोखंडावर व्होल्टला ३.६ वेढे असले की २३० लाच १.४ टेस्ला होतात. चिकोडी-रायबाग-अथणीकडे दिवसा उसाचे पंप चालू असताना व्होल्टेज पडतं आणि रात्री पंप बंद झाले की चढतं. २६० ला हाच ट्रान्सफॉर्मर १.६ च्या जवळ जातो, लोखंड भरतं, बिनलोडचा करंट उसळतो आणि कॉईल रिकामीच तापते. पाच वेढ्यांचा २६० लाही १.१३ वर राहतो. आपल्या भागासाठी एक टेस्लाचा हिशेब धरायचा तो एवढ्यासाठी. तांबं थोडं जास्त जातं, जाऊ द्या.

सप्लाय द्यायच्या आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर). ५०० व्होल्टवर प्रायमरी ते सेकंडरी आणि दोन्ही ते पट्ट्या, काटा अनंताकडे जायला हवा. प्रायमरीचा रेझिस्टन्स ३९-४० ओहमच्या आसपास यावा. तो पस्तीस दाखवला तर वेढे कमी आहेत किंवा तार ३० पेक्षा जाड आहे. मग सिरीज बल्ब, ६० वॅटचा, तोही तारेचा जुना बल्ब. एलईडी बल्बने ही तपासणी होत नाही. सेकंडरी मोकळी ठेवून सप्लाय दिला की बल्ब पेटू नये. झळाळून पेटला तर एखादा वेढा शॉर्ट आहे आणि कॉईल पुन्हा उलगडायची. न पेटल्यास थेट सप्लायवर तासभर ठेवा. बिनलोडचा करंट पूर्ण लोडच्या वीस टक्क्यांच्या आत, म्हणजे या मापाला ३५ मिलिअँपिअरपर्यंत ठीक.

वार्निश पावसाळ्यात विशेष सांभाळून. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात कागद ओल धरतो आणि ओल्या कॉईलवर वार्निश दिलं की ती ओल आतच कोंडली जाते. वार्निश देण्याआधी शंभर अंशावर दोन-तीन तास कॉईल सुकवा, गरम असतानाच वार्निशमध्ये बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, निथळू द्या आणि पुन्हा भट्टीत. भट्टी नसेल तर पत्र्याच्या डब्यात तारेचे दोन बल्ब लावून रात्रभर ठेवता येतं, तेव्हा हवेत सुकणारं वार्निश घ्या. मशीनही याच हवेत गंजतं. काम झालं की स्पिंडलच्या आट्यांवर तेलाचं फडकं फिरवा.

ड्रिल मशीनला चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) लावून कॅल्क्युलेटरवर वेढे मोजायची युक्ती बरेचजण वापरतात. सावकाश फिरवलं तर ती चालते. वेग वाढला की कॅल्क्युलेटर आकडे गाळतो, आणि ड्रिलच्या बटणावर बारीक तारेसाठी लागणारा सावकाश वेग धरून ठेवणं अवघड जातं. हँडलवर हात थांबला की स्पिंडल थांबतो, तार तुटायच्या आत. ३६ गेज आणि त्याहून बारीक तारेला मात्र हे मशीनही नको, ०.१९ मिमीची तार आठपट वेगात सारखी तुटते. मोटर आणि पंखे भरणाऱ्यांनाही याचा उपयोग नाही, त्यांची कॉईल साच्यावर होते.

महिन्याला तीन-चार ट्रान्सफॉर्मर भरत असाल तर घ्या, दोन-तीन महिन्यांत पैसे निघतात. वर्षाला एखादाच येत असेल तर भरून देणाऱ्याकडे द्या, पण त्याला व्होल्टला किती वेढे ठेवणार ते विचारा. दुकानातून निघताना कोनांचे जादा दोन नट आणि काउंटरचं एक सुटं दातेरी चाक मागून घ्या. चाक प्लॅस्टिकचं असतं, सगळ्यांत आधी तेच झिजतं आणि नंतर सुटं मिळवायला फार फिरावं लागतं.